पट्टीखालची शीर

मी सरावाचा हात बोलतोय. खांद्यापासून बोटांपर्यंत सगळा रबराचा, खांद्यामागे माणूस नाही. माझ्या शिरांतून लाल पाणी खेळवतात. या रुग्णालयात दरवर्षी नर्सची चाचणी होते, तेव्हा मला लहान मुलांच्या वॉर्डाशेजारच्या खोलीत मांडतात. शिरेत सुई बसून लाल थेंब दिसला, की नर्स पात्र.

नवा होतो तेव्हा मी भल्याभल्यांना घाम फोडला. पण सात वर्षांत कोपराच्या खळग्यात भोकं पडली आणि मी गळू लागलो. नवा हात मागवायचा तर दहा सह्या! परीक्षक बाईंनी तिथे चिकटपट्टी लावली. झालं! पट्टीखाली टोचलं की शीर मिळणारच, हे सगळ्यांना ठाऊक झालं. डोळे मिटून टोचलं तरी पास.

यंदा थोरल्या सिस्टर आल्या. याच वॉर्डात त्यांची सव्वीस वर्षं गेलेली. पट्टी पाहून म्हणाल्या, "इथं आधी टोचलंय. त्याच जागी पुन्हा टोचायचं नसतं." त्यांनी मनगटाजवळ चाचपून नीट सुई घातली. पण तिथली माझी नळी कधीचीच आतून चिकटली होती. तीनदा प्रयत्न केला, थेंब नाही.

"अहो, पट्टीखाली टोचा ना," बाई हळूच म्हणाल्या.

"बाळाच्या हाताला असं करीन का मी?"

बाईंनी 'अपात्र' लिहिलं. माझी मलाच लाज वाटली. सिस्टरांची रवानगी झाली चादरींच्या घड्या घालायला. त्यांच्या जागी आलेली नवी नर्स पट्टीखाली टोचून पहिल्याच फटक्यात पास झाली होती.

काल दुपारी भिंतीपलीकडे एक बाळ रडत होतं. जुलाबांनी पार सुकलेलं, सलाइन लावायचं होतं. नवी नर्स धावत जाऊन सिस्टरांना घेऊन आली. "ताई, चारदा टोचलं, शीरच सापडत नाही. तुम्ही लावा ना!" ती रडकुंडीला आली होती.

"मला सुई धरायला बंदी आहे गं. तू धर, मी सांगते. बोट ठेव. दाबू नकोस... लागली हाताला? आता घाल."

"मिळाली, ताई!"

बाळाची आई नव्या नर्सचे आभार मानत राहिली. सिस्टर तोवर चादरींकडे निघून गेल्या होत्या.

मला खुशाल कचऱ्यात टाका. पण या रबराचं ऐकून थोरल्या सिस्टरांना मुलांपासून तोडू नका. पुढच्या बाळाच्या वेळी त्यांना बोलावून आणण्याइतका वेळ असेलच, असं नाही.