काशिरामची होडी आणि मी

मी एक जुने ग्राफिक्स कार्ड आहे. मित्रांनो, 'जुने' हा शब्द मला फार लवकर चिकटला. पनवेलच्या दुकानात माझे खोके पहिल्यांदा ठेवले, त्याच दिवशी एका गिऱ्हाइकाने विचारले होते, "हे जुनं झालं ना आता? नवीन कधी येतंय?" माझ्यावरचे प्लास्टिकसुद्धा तेव्हा निघाले नव्हते!

संगणकाच्या पेटीत बसायचे आणि पडद्यावर चित्रे उमटवायची, हे माझे काम. अंगावर तीन पंखे आहेत. काम वाढले की मी तापतो, आणि ते मला गार ठेवतात. पण दुकानाच्या काचेमागे मला कामच नव्हते. लोक येत, मला हातात घेत आणि परत ठेवत. कारण एकच, अफवा! नवे कार्ड दिवाळीला येणार, असे आधी ऐकले. दिवाळी गेली. मग जानेवारी म्हणाले, मग एप्रिल. कुणी मोबाइलवर त्याचा अंधूक फोटो दाखवी, कुणी म्हणे त्याला चार पंखे आहेत. दुकानदार धनेश वैतागून म्हणे, "अहो, आलं की सांगतो ना!"

अशातच एका दुपारी भाविका आली. ती समुद्रकाठच्या करंजा गावची, खारघरच्या कॉलेजात डिझाइन शिकणारी. सोबत तिचा चुलतभाऊ हितेश होता. तिने मला उचलले आणि मागची माहिती नीट वाचली. मला वाटले, आता निघालो! तेवढ्यात हितेश तिला म्हणाला, "भावे, थांब. पुढच्या महिन्यात नवीन येतंय. पक्की बातमी हाय."

तिने मला परत ठेवले. महिन्याने ती पुन्हा आली, तर हितेशकडे आणखी पुढची तारीख तयार होती. त्या दिवशी मी मनातून फार खट्टू झालो.

तिसऱ्यांदा ती एकटीच आली, घाईघाईने. तो मंगळवार होता.

"हेच द्या," ती म्हणाली.

धनेश प्रामाणिक माणूस. तो म्हणाला, "ताई, सांगायला हवं म्हणून सांगतो. कालच पुन्हा बातमी आलीये, नवीन कार्ड लवकरच लाँच होणार म्हणून."

"दादा, माझ्या आज्याची मीटिंग या रविवारी आहे. अफवेवर होडी फिरवून दाखवू का मी?"

धनेश हसला आणि त्याने मला पिशवीत घातले.

भाविकाचा आजा काशिराम लाकडी होड्या बांधतो. मच्छीमार सोसायटीला दोन होड्या हव्या होत्या. फायबरच्या होड्या विकणाऱ्यांनी गुळगुळीत रंगीत चित्रे दिली होती. काशिरामने जन्मात कागदावर होडी काढली नव्हती. "माजी होडी डोक्यात हाय. ती यांना कशी दाखवू?" असे म्हणत तो दोन दिवस नीट जेवला नव्हता. हे काम गेले तर करवत आणि रंधा गुंडाळून ठेवायचे, असे त्याने ठरवून टाकले होते.

भाविकाचा संगणक होडीचे चित्र जरा फिरवायला गेले की अडकून बसायचा. तिने मला त्यात बसवले आणि बटण दाबले. माझे तिन्ही पंखे पहिल्यांदा फिरले. काय सांगू, मित्रांनो! कामाला लागण्यासारखा आनंद नाही.

काशिराम स्टुलावर बसून सांगू लागला आणि ती काढू लागली. "नाळ जरा वर उचल," होडीच्या पुढच्या टोकावर बोट ठेवून तो म्हणाला. "अजून. अजून थोडी. हां, बस! आता लाट कापल ती." तो बोले, तशी मी होडी वळवी. पडद्यावर त्याच्या तेलकट बोटांचे ठसेच ठसे उमटले.

"पानी नाय काय गो?" त्याने मध्येच विचारले. "पान्याशिवाय होडी कशी कळल?"

मग भाविकाने समुद्र काढला. लाटा हलवताना मी चांगलाच तापलो, पंखे घोंगावू लागले. भाविकाची आजी सोनाबाई मासे साफ करता करता धावत आली. "अगो, त्याला धाप लागली!" म्हणत तिने सुपाने मला वारा घालायला सुरुवात केली. सगळे पोट धरून हसले. मला मात्र तो वारा फार आवडला.

रविवारी आम्ही रिक्षातून सोसायटीच्या हॉलमध्ये गेलो. भाविकाने मला पेटीसकट मांडीवर धरले होते. अध्यक्ष भगवान म्हणाले, "मागून दाखव." मी दाखवले. "खालून दाखव." तेही दाखवले. होडी चालवणारा एक तांडेल पुढे वाकून बघत राहिला आणि म्हणाला, "काशिराम, ही होडी कवा बांधलीस? आमाला कशी दिसली नाय?"

"अजून बांदाची हाय," काशिराम म्हणाला.

सगळा हॉल हसला, आणि दोन्ही होड्यांचे काम काशिरामला मिळाले. परतताना तो रिक्षात नुसता माझ्या पेटीवर हात ठेवून बसला होता.

चार महिन्यांनी नवे कार्ड खरोखर आले. हितेशने ते आणून आम्हाला दाखवले. सुंदर आहे, वेगवानही आहे. मला त्याचे कौतुकच वाटले. "पण भावे, याच्यापुढचं पन येतंय म्हणतात," तो हळूच म्हणाला, आणि भाविका इतकी हसली की तिच्या हातातला चहा सांडला.

पहिली होडी पाण्यात उतरली, त्या दिवशी मी घरीच होतो. संध्याकाळी काशिराम गुडघ्यापर्यंत भिजून आला आणि तसाच पडद्यासमोर बसला. "भावे, लाव त्याला. दुसऱ्या होडीचा पाठीमागचा भाग जरा रुंद करूया."

करंज्याची हवा खारट. माझ्या पंख्यांवर धूळ आणि मीठ बसते. भाविका दर पंधरा दिवसांनी संगणक बंद करून मला मऊ ब्रशने साफ करते. मित्रांनो, तुमच्या घरातल्या यंत्रांसाठीही तेवढे करा, आणि आज हाताशी जे आहे त्याला काम सांगा. आता मला रजा द्या. काशिरामचा चहा संपत आला आहे, आणि माझे पंखे फिरू लागले आहेत.