माईकवरचं नाव

गाडी थांबली तसं बेबीताईने मांडीवरचं भाकरीचं गाठोडं उचलून पायाशी ठेवलं. पुढच्या सीटवरून हिंमतराव अख्खे मागे वळले होते, आणि ते असे वळले की ऐकून घ्यावं लागतं, हे गावात लहानथोरांना ठाऊक होतं.

बाहेर मध्य प्रदेशाची पाटी उभी होती. पाटीवर एक माकड बसलं होतं. आपण कोणत्या राज्यात आहोत याची त्याला काही फिकीर दिसत नव्हती.

"हे पाहा पोरंहो," हिंमतराव म्हणाले, "इथून पुढं धम्माले कोनी धम्मा म्हनाचं नाही. ग्राऊंडवर तो शिवम. वापस येतानी हे पाटी गेली का मंग म्हना, काय म्हनाचं ते."

क्रूझरमध्ये दाटीवाटीने बसलेली पोरं हसली. त्यांना हे आधीच माहीत होतं, ते हसण्यावरूनच कळलं. बेबीताईने आपल्या पोराकडे पाहिलं. धम्मरत्न खिडकीशी बसून हातमोज्याची पट्टी लावत होता, काढत होता, पुन्हा लावत होता.

"काऊन पन, भाऊ?" तिने विचारलं.

"अवो बेबीताई, टीमचे नावं महिन्याआधीच गेले ना, आधारच्या झेरॉक्ससंगं. गोलकीपर म्हनून आपल्या शिवमचं नाव हाय. आन हे साहेब मोटरसायकलवरून पडले." मागे पाय लांब करून बसलेल्या आपल्या लेकाकडे त्यांनी बोट केलं. शिवमच्या गुडघ्याला पांढरी पट्टी होती. "ऐन टायमाले नाव बदलाले कमिटीवाले तयार नाहीत. मंग काय, घरी बसाचं?"

"धम्माचं नाव नव्हतं देल्लं का?"

"राहून गेलं," हिंमतराव म्हणाले आणि पुढे वळले. गाडी निघाली.

राहून गेलं. गावात काही नावं अशी राहूनच जात. शाळेच्या संमेलनात राहत, ग्रामपंचायतीच्या सत्कारात राहत, लग्नाच्या पत्रिका वाटताना राहत. मुद्दाम कोणी वगळत नसे. मुद्दाम वगळायला आधी आठवावं लागतं.

खरं तर त्यांच्या भागात पोरं कबड्डीची. फुटबॉल आणला तो बदलून आलेल्या एका मास्तरांनी. मास्तर बदलून गेले, चेंडू राहिला. शिवमकडे बूट होते म्हणून तो गोलात उभा राहायचा. पण अडीअडचणीला, म्हणजे सामना जिंकायचा असला की, धम्माला हाक यायची. बेबीताईने त्याला कधी खेळताना पाहिलं नव्हतं. खेळ दुपारचा आणि दुपारी ती वावरात. आज मात्र वरवट बकालच्या फाट्यावर ती सगळ्यांच्या आधी येऊन उभी होती, ठेवणीतली निळी साडी नेसून.

नवरा प्रेमानंद बुलढाणा डेपोत ड्रायव्हर. त्याला रजा मिळाली नव्हती. त्याने फोनवर बजावलं होतं, "तिकडं माईकवर पोरायचे नावं घेतेत म्हने. आपल्याचं घेतलं का फोन वर धरजो. आन पुरं घ्याले सांग. धम्मा नाही, धम्मरत्न." नाव त्यानेच ठेवलेलं. पोरगा पहिलीत असताना बाईंनी हजेरीला नुसतं धम्मा म्हटलं, तर हा गाडी लावून खाकी कपड्यातच शाळेत गेला होता, पूर्ण म्हणा म्हणून सांगायला. बेबीताई घरात धम्माच म्हणे. चुलीपुढे बसून एवढं मोठं नाव घ्यायला वेळ कुणाला आहे?

तिने त्याच्याकडे वाकून हळूच विचारलं, "तुले चालते हे?"

"नावानं बॉल अडते का?" धम्मा म्हणाला. वाक्य त्याचं नव्हतं. कॅप्टन निवृत्ती ओठात हसला, तेव्हा ते कुणाचं होतं हेही कळलं. मग धम्मा तिच्याकडे न बघता म्हणाला, "आई, तू काई बोलू नको. मले खेळाचं हाय."

आशाबाई, शिवमची आई, बेबीताईच्या शेजारीच अंग चोरून बसली होती. मोठ्या घरची असली तरी तिला अंग चोरायची सवय होती. तिने बेबीताईच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"चिल्लावू नको वं बेबी, बस. टाळ्या पीट. टाळीले कुठं नाव असते?"

बुऱ्हाणपूरचं मैदान धुळीचं होतं आणि कडेने दोरी बांधली होती. टेबलाशी बसलेल्या माणसाने आधारच्या झेरॉक्सवर नजर टाकली, धम्माकडे टाकली आणि पुढचा कागद घेतला. झेरॉक्सवरचा फोटो असा काळा आला होता की धम्माच्या जागी खुद्द हिंमतराव हातमोजे घालून उभे राहिले असते, तरी चाललं असतं.

सात-सातचे संघ, कप या एकाच सामन्यावर. समोर तिथलाच, घरचा. त्यांच्या पोरांनी सुरुवातीपासूनच चेंडू इकडे आणला आणि बेबीताईला आपला मुलगा दिसला. म्हणजे रोज दिसतो तो नव्हे. घरी पाण्याची कळशी उचल म्हटलं तर उचलतो की नाही असा पोरगा इथे चेंडूच्या आधी चेंडूच्या जागी पोचत होता. पडत होता, धुळीतून उठत होता, हात उंचावून पुढच्यांवर ओरडत होता. बेबीताईचे हात टाळीला वर आले आणि तसेच राहिले. टाळी वाजवायचीसुद्धा राहून गेली.

"क्या रोका है! शिवम! महाराष्ट्र का शेर, शिवम!" माईकवरचा माणूस बेभान झाला होता.

दोरीपलीकडे तिथल्या बायका खुर्च्या टाकून बसल्या होत्या. त्यातल्या एकीने वाकून विचारलं, "ये गोलकीपर किसका लड़का है, दीदी?"

आशाबाईने बेबीताईकडे पाहिलं. मग मागे पाहिलं. मागे हिंमतराव उभे होते आणि त्यांच्या शेजारी कमिटीचा एक माणूस.

"माझा," आशाबाई म्हणाली. "हमारा है."

"बड़ा होनहार है! लो, मुँह मीठा करो." बाईने द्रोणातली मावा जिलेबी आशाबाईच्या हातावर ठेवली. काळसर, जाड, पाकाने जड झालेली. आशाबाईने ती धरून ठेवली. बाईची मान वळल्यावर पदराआडून तिने ती बेबीताईच्या हातात दिली.

"तू खाय."

"तुले देल्ली ना," बेबीताई म्हणाली. पण तोवर जिलेबी तिच्या हातात होती आणि पाक मनगटापर्यंत आला होता. टाकवेना, खाववेना. ती तशीच मूठ धरून बसली. पिशवीत फोन वाजला. प्रेमानंदच असणार. चिकट हाताने फोन कसा घ्यायचा, असं तिने स्वतःला सांगितलं. फोन वाजून वाजून गप्प झाला.

सामना एक-एकवर संपला आणि पेनल्टी लागल्या. लोक दोरीशी येऊन दाटले. कोणी मारत होतं, कोणी चुकत होतं. बेबीताईला हिशोब कळत नव्हता, तिला फक्त गोलात उभा असलेला एकटा पोरगा कळत होता. समोरच्या उंच पोराने चेंडू कोपऱ्यात मारला. धम्माने अंग झोकून दिलं. चेंडू त्याच्या बोटांना लागून बाहेर गेला, आणि त्याचं डोकं लोखंडी खांबावर आपटलं. आवाज इथवर आला.

तो पडून राहिला. एक हात अंगाखाली, तोंड धुळीत.

बेबीताई दोरीखालून वाकून कधी आत गेली ते तिचं तिलाही कळलं नाही. निळ्या साडीचा काठ दोरीत अडकून फाटला. कुणीतरी दंड धरला. ती जिवाच्या आकांताने ओरडली,

"शिवम! ऊठ रे, शिवम! ऊठ, माह्या राजा!"

धम्माने मान वळवली. त्याने आधी तिच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिल्यासारखं तिला वाटलं, पण तेवढा वेळ गेला नसावा. मग तो उठला. हातमोज्याच्या मागच्या बाजूने कपाळ पुसलं आणि पुन्हा गोलात जाऊन उभा राहिला.

पुढची पेनल्टी त्याने छातीवर घेतली. सामना संपला. पोरं धावत सुटली.

हिंमतराव धापा टाकत बेबीताईपाशी आले. "वा बेबीताई! मानलं तुम्हाले. मले तर वाटलं, आता हे बाई धम्मा म्हनते आन कप जाते. पन काय डोकं चालवलं टायमावर!"

"हाव," बेबीताई म्हणाली.

डोकं चाललंच नव्हतं. नाव आपसूक तोंडात आलं होतं, हे फक्त तिला ठाऊक होतं. चाललं असतं तर एक वेळ बरं झालं असतं.

बक्षिसाच्या वेळी मांडवात ती मागे उभी राहिली. उत्कृष्ट गोलरक्षकाची ढाल होती. पाहुण्यांनी ढाल देता देता माईक धम्माच्या तोंडापुढे धरला. "क्या नाम है, बेटा?"

"शिवम," धम्मा म्हणाला. अडखळला नाही. आपल्या पोराचा आवाज माईकवर तिने पहिल्यांदाच ऐकला. चांगला होता, भरदार. बापासारखा.

परतताना दिवस कलला होता. कप हिंमतरावांच्या मांडीवर होता आणि त्यांचा हात कपाच्या कानावर. धम्मा आता पुढच्या बाकावर बसला होता, बेबीताईकडे पाठ करून. जागाच तशी मिळाली, असंही म्हणता आलं असतं. त्याच्या कपाळावरचं टेंगूळ तिला दिसत नव्हतं, नुसती मान दिसत होती. मानेवर अजून धूळ होती.

मागून शिवमने ढाल पुढे केली. "घे बे. तुही हाय."

धम्माने ती घेतली, तिच्यावरून अंगठा फिरवला आणि मागे दिली. "नाव तुहं हाय. ठेव तूच."

"अबे, घे ना." शिवमचा आवाज रडवेला झाला होता.

"ठेव म्हनलं ना."

ढाल शेवटी आशाबाईच्या मांडीवर आली. तिने ती पालथी करून ठेवली.

पाटी आली. आता तिच्यावर माकड नव्हतं. हिंमतरावांनी ड्रायव्हरला हॉर्न वाजवायला लावला आणि पुन्हा अख्खे मागे वळले. "घ्या! लागला आपला महाराष्ट्र! आता म्हना काय म्हनाचं ते. बेबीताई, तुमच्यापासून होऊ द्या!"

"धम्मा! धम्मा! धम्मा!" पोरांनीच सुरू केलं. टपावर, दारावर, एकमेकांच्या पाठीवर थापा पडल्या. निवृत्तीने धम्माचे केस विस्कटले. धम्मा हसला, हसायला पाहिजे तेवढं. बेबीताईने तोंड उघडलं होतं. आरडाओरड्यात ते कुणाच्या लक्षात आलं नाही, आणि ते तसंच मिटलं तेही आलं नाही.

पोरं दमून गप्प झाली. डोंगर मागे पडला, जळगाव जामोदचे दिवे लांबून दिसायला लागले, तेव्हा फोन वाजला. आता हात कोरडे होते.

"काय वं, किती फोन केले मी!" प्रेमानंदचा आवाज. मागे डेपोतल्या गाड्यांचा गलका.

"आवाज लय होता तिथं."

"जिंकले ना?"

"हाव."

"अन नाव? घेतलं का माईकवर?"

गाडीत सगळे आपापल्या खिडकीतून बाहेर बघत होते. आशाबाई तेवढी मांडीवरच्या ढालीकडे बघत होती.

"घेतलं ना," बेबीताई म्हणाली. "लय डाव घेतलं. साऱ्या मैदानाले ऐकू गेलं."

"पुरं घेतलं?"

"पुरं घेतलं."

प्रेमानंद घसा खाकरून म्हणाला, "दे, त्याच्याजवळ दे फोन. मी बोलतो."

पोरगा हातभर अंतरावर होता. एका हाकेत वळला असता. आता कुणाची मनाईही नव्हती. बेबीताईने फोन डाव्या हातात घेतला, उजवा हात लांब केला आणि त्याच्या खांद्यावर दोन बोटं टेकवली, एखाद्या परक्याला जरा सरकून बसा म्हणावं, तशी.