पंधरावं कलम

“थांब, थांब! वर घे, वर! ते पंधरावं कलम दाखव बघू परत!”

श्रीनिवासराव लेकीच्या खुर्चीमागून इतक्या जोरात ओरडले, की सुरुचीच्या हातातली कॉफी लॅपटॉपवर सांडता सांडता राहिली.

“बाबा, केवढ्याने ओरडता! पाच मिनिटांत वाउटरचा कॉल आहे माझा. आणि पंधरावं कलम नाहीच आहे ह्यात. चौदाच आहेत.”

“इंग्रजीत चौदा. उजवीकडे अरबीत मोज.”

सुरुचीला अरबी येत नव्हतं, पण आकडे मोजता येत होते. तिने मोजले, आणि कॉफीचा मग हळूच बाजूला ठेवला.

सकाळचे नऊ वाजून दहा मिनिटं झाली होती. लॉकडाउन लागल्यापासून अॅमस्टरडॅमजवळच्या डीमनमधल्या त्या फ्लॅटमधलं जेवणाचं टेबल हेच सुरुचीचं ऑफिस झालं होतं. डच माणसांना परदेशात कंपन्या काढून देणं हा तिच्या फर्मचा धंदा, आणि आजचं काम हे तिचं पहिलं स्वतंत्र काम. यान आणि मारिके हे नवराबायको हरितगृहं थंड ठेवायची यंत्रं बनवत. इथलं सगळं विकून ते ओमानला निघाले होते. दहाच्या ठोक्याला, म्हणजे मस्कतच्या दुपारी एक वाजता, तिथला एजंट त्यांच्या वतीने नोटरीपुढे कंपनीच्या करारावर सही करणार होता. गुरुवार होता, त्यामुळे पुढचे दोन दिवस तिथे सुट्टी.

राव तर सोमवारपासूनच हवेत होते. ओमानच्या सुलतानांनी देशाचा नवा मूलभूत कायदा जाहीर केला होता आणि हे मोबाइलवर तो अरबीतून असा वाचत बसले होते, जणू घरातल्या पोराचा दहावीचा निकाल लागलाय. “अगं, गादीवर पुढे कोण, ते आधी बंद पाकिटात असायचं. आता चक्क कलमात लिहिलंय!” हे त्यांनी सुरुचीला तीनदा आणि जिन्यात भेटलेल्या शेजारणीला मोडक्यातोडक्या इंग्रजीत एकदा ऐकवलं होतं. परदेशी माणसाला तिथे पूर्ण मालकीची कंपनी काढायची मुभा मिळाली, तेव्हा तर त्यांनी शिराच केला होता. लग्न सुलतानाच्या घरचं आणि वाजंत्री आमच्या घरी, असं सुरुची म्हणायची. पण ज्या माणसाने मस्कतच्या एका टायपिंग सेंटरमध्ये सत्तावीस वर्षं परक्यांचे करार टाइप केले, त्याला ह्या बातम्यांचं अप्रूप नसेल तर कुणाला असेल?

“काय लिहिलंय त्यात?” सुरुचीने विचारलं.

“परदेशी भागीदार वारला तर त्याचा हिस्सा स्थानिक भागीदाराला जाईल. बायकोपोरांना काही नाही.”

“पण स्थानिक भागीदार फक्त दहा टक्क्यांचा आहे! तोही यानने हौसेने घेतलाय, मित्र म्हणून. आता तशी सक्तीच नाहीये.”

“सक्ती गेली गं, साचा राहिला. तुमच्या एजंटने जुनीच फाईल काढून नावं बदलली. आणि कोर्टात भांडण गेलं की तिथे अरबीच चालतं. इंग्रजी आपलं सोबतीला.”

“आम्ही तिघांनी चेक केलं होतं हे,” सुरुची पुटपुटली. “तिघांनीही फक्त इंग्रजी.”

“सगळे तेच करतात. म्हणून तर ती ओळ इंग्रजीत घालायची नाही, असा रिवाज होता.”

सुरुची वळून त्यांच्याकडे बघत राहिली. “तुम्हाला कसं माहीत?”

रावांचा मघाचा आवाज कुठल्या कुठे गेला. ते समोरच्या खुर्चीवर बसले.

“मीच टाइप करायचो. जयप्रकाशकाकाच्या करारातही मीच घातली.”

जयप्रकाशकाका म्हणजे मस्कतमध्ये फ्रिज आणि एसी दुरुस्त करणारे, तिला खांद्यावर बसवून समुद्रावर नेणारे काका. करार करायला ते मित्राच्याच सेंटरमध्ये आले होते. भागीदार समोर बसलेला, सेंटरच्या मालकाने डोळ्याने खुणावलेलं. “श्री, नीट आहे ना रे सगळं?” जयप्रकाशने विचारलं होतं. “नेहमीचंच आहे, कर सही,” असं श्रीनिवास म्हणाला होता. आठ वर्षांनी जयप्रकाश दुकानातच कोसळला. मंजूषावहिनी दोन बॅगा घेऊन मिरजेला परतल्या, आणि ‘ह्यांनी कधी कागद म्हणून नीट वाचले नाहीत’ असा बोल नवऱ्याला लावत राहिल्या. रावांनी तो बोल दर वेळी फोनवर निमूट ऐकून घेतला होता.

तेवढ्यात कॉल वाजला.

वाउटर, तिचा साहेब, ऐकून आधी चक्रावलाच. “तुझे वडील वकील आहेत?” त्याने विचारलं.

“नाही. टायपिस्ट होते,” सुरुची म्हणाली. “मस्कतमध्ये. त्यांना हा करार पाठ आहे.”

वाउटरने तिला थांबायला सांगून दुसऱ्या फोनवर एजंटला गाठलं. मग वाउटर म्हणाला, “एजंट म्हणतो, नवीन मसुदा करायला त्याच्याकडे वेळ नाही. तुझे वडील करतील?”

“करतील!” राव मागून मराठीतच ओरडले.

नऊ पस्तीस. सुरुचीने लॅपटॉप त्यांच्यापुढे सरकवला आणि भाषा बदलून दिली. “बाबा, कीबोर्डवर अरबी अक्षरं नाहीयेत हं.”

“बोटांवर आहेत,” राव म्हणाले.

आणि खरोखरच होती. सत्तर वर्षांच्या त्या बोटांखाली अक्षरं उजवीकडून डावीकडे अशी धावू लागली, की सुरुची आ वासून बघत राहिली. पंधराव्या कलमाची ओळ त्यांनी निवडली, ती निळी झाली. हजार वेळा तरी लिहिलेलं ते वाक्य होतं, आणि पुसत होते ते आयुष्यात पहिल्यांदाच. त्यांनी ते पुसलं. त्या जागी नवं वाक्य लिहिलं, की हिस्सा वारसांकडे जाईल, आणि तेच सुरुचीकडून इंग्रजीतही घालून घेतलं. मग दोन्ही बाजूंची कलमं बोट ठेवून मोजली. पंधरा आणि पंधरा.

नऊ बावन्नला मेल गेला. पुढची अठरा मिनिटं दोघं टेबलाभोवती येरझाऱ्या घालत होती. दहा वाजून दहा मिनिटांनी सही-शिक्क्याच्या कागदाचा फोटो आला, राव चष्मा कपाळावर चढवून पंधरावं कलम मोठ्याने वाचू लागले, आणि सुरुचीने त्यांना कडकडून मिठी मारली.

“बाबा, कमाल केलीत! यानला सांगते मी, तुम्हीच पकडलंत म्हणून. आज काय हवं ते मागा.”

“फोन दे माझा,” राव म्हणाले. “आणि तू इथेच थांब.”

त्यांनी मिरजेचा नंबर लावला. दुसऱ्याच रिंगला पलीकडून खणखणीत आवाज आला.

“शंभर वर्षं आयुष्य आहे बघा भावजी तुम्हाला! आत्ताच आठवण काढली होती. संक्रांत ना आज! तिळगूळ घ्या, गोड बोला.”

राव हसले नाहीत. त्यांनी सदऱ्याचं वरचं बटण लावलं.

“वहिनी, आज गोड बोलायला फोन नाही केला. जयप्रकाशने त्या दिवशी विचारलं होतं मला. हातातलं काम ठेवा आणि जरा बसून घ्या,” ते म्हणाले, आणि स्वतः मात्र उभेच राहिले.