न वाजलेली बेल

आठवीपर्यंत अक्षदा हजेरीलासुद्धा पुटपुटायची. दहावीत मात्र तिला असा काही कंठ फुटला, की घरचे म्हणायचे, हिला केळीच्या वाडीत नेऊन उभी करा, घड हिच्या आवाजाच्या उष्णतेनेच पिकतील!

शाळेतल्या वादविवाद स्पर्धेचा विषय होता, ‘मंदीतून बाहेर यायला सरकारने सढळ हाताने खर्च करावा.’ अक्षदा बाजूने, प्रितेश विरुद्ध. टेबलाशी बेल घेऊन बसली होती ज्युली, अक्षदाची जिवलग मैत्रीण. बेल एकदा वाजली की आवरतं घ्या, दुसऱ्यांदा वाजली की गप्प बसा.

प्रितेश नुसता सुटला होता. “सरकारचा पैसा काय झाडाला लागतो? आज उधळा, उद्या आपणच भरा! कोरोनात घरोघरी फुकट तांदूळ वाटला. झालं काय? लोक खाऊन झोपले! अक्षदा, फुकट तांदळावर उभं राहिलेलं एक घर दाखव. एकच!”

हॉल खो खो हसला. अक्षदाकडे रस्ते होते, पूल होते, आकडे होते. घर नव्हतं.

नाही कसं? होतं की!

“दाखवते!” ती गरजली. “एका घरातले बाबा लग्नाच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायचे. लग्नंच बंद, मग ट्रम्पेट कुणापुढे वाजवणार? आई तोंडाला स्कार्फ गुंडाळून रेशनच्या रांगेत उभी राहायची, कुणी ओळखू नये म्हणून. मागे छोटी मुलगी, पिशवी घेऊन. पण तांदळाचे पैसे वाचले, त्यातून ओव्हन आला! केक विकले जाऊ लागले! त्यांच्यामुळे अंडीवाला चालला, मैदावाला चालला. झोपले नव्हते रे ते, प्रितेश!”

टाळ्यांचा कडकडाट झाला. नाव काही तिने घेतलं नव्हतं. पण अख्ख्या शाळेत ट्रम्पेटवाल्याची मुलगी एकच होती. मागच्या बाकांवर कुजबुज सुरू झाली, तेव्हा अक्षदाने टेबलाकडे पाहिलं. ज्युलीचा हात बेलवर होता, पण हलत नव्हता. वेळ कधीच संपून गेली होती.

आणि अक्षदा बोलतच राहिली. टाळ्या थांबेपर्यंत.

ढाल तिलाच मिळाली. हॉल रिकामा झाल्यावर ती ज्युलीकडे धावली. “नाव नाही घेतलं गं मी!”

“ट्रम्पेट घेतलंस ना.”

“पण मी तर तुमच्याच बाजूने बोलत होते!”

“हो. छान बोललीस.” ज्युली बेल रुमालाने पुसत होती, उगाचच. “पिशवी घेऊन रांगेत उभं राहायची मला लाज वाटायची, हे मी मम्मीलापण कधी सांगितलं नव्हतं. फक्त तुला.”

“मग बेल का नाही वाजवलीस? मी गप्प बसले असते!”

“वाजवली असती तर सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं असतं.”

अक्षदाने हातातल्या ढालीकडे पाहिलं. टीचरना जाऊन सांगावं, माझी वेळ संपली होती, ढाल परत घ्या? मग बेलवाल्या ज्युलीलाच सगळ्यांसमोर विचारणार, का नाही वाजवलीस.

तेवढ्यात मार्गारेट टीचर आल्या. “अक्षदा! तालुक्याच्या फेरीत हेच उदाहरण द्यायचं हं. त्या कुटुंबाला आपण बोलावूनच घेऊ, कशी कल्पना?”

ज्युलीचा रुमाल थांबला.

“टीचर,” अक्षदा म्हणाली, “असं घरच नाही. मी रचलं ते.”

“रचलं? पण नियमात स्पष्ट लिहिलंय, उदाहरण खरं असायलाच हवं!”

“हो टीचर.” तिने ढाल पुढे केली.

जिन्यात प्रितेश होताच, सगळं ऐकत. “तरी म्हटलं! फुकट तांदळावर कुठे घर उभं राहतं का?”

त्याला गप्प करायला एक वाक्य पुरलं असतं. ते तिच्या जिभेवर आलंही होतं. तिने ओठ घट्ट मिटले आणि मागे पाहिलं. ज्युली दप्तर पाठीला लावून पायऱ्या उतरत होती. जवळ आली, पण थांबली नाही.

“आमचा ओव्हनपण खोटा का गं?” एवढंच विचारलं तिने, आणि पुढे निघून गेली.