कोरा रकाना

"ताई, एक आकडा घालायचाय फक्त," म्हणत ट्रस्टच्या वकिलांनी पेन पुन्हा तिच्यापुढे सरकवलं. सकाळपासून तिसऱ्यांदा.

वही तिच्या वडिलांच्या, अण्णांच्या, रक्तातल्या साखरेची होती. तारीख, वेळ, आकडा. सगळं तिच्या अक्षरात. अण्णांनी घर आणि मागची काचकामाची कार्यशाळा ट्रस्टला दिली, तिथे शिकणाऱ्यांचं शिकणं थांबू नये म्हणून. त्या दिवशीची नोंद होती: १०.२०, साखर ४६. साखरपाणी दिलं. खाली १०.४०, पुढे कोरं. पावणेअकराला अण्णांनी ट्रस्टच्या दस्तावर सही केली. आता ते गेल्यावर तिच्या धाकट्या भावाने दावा लावला होता: वडील भानावर नव्हते, ट्रस्ट रद्द करा.

"वीस मिनिटांत साखर चढतेच ना?"

"चढते."

"मग लिहा नव्वद."

"मोजली नाही."

"पण का नाही मोजली?"

"दस्तवाले येऊन बसले होते. अण्णा म्हणाले, आता पुरे, बोटाची चाळणी केलीस माझ्या."

"बघा, थट्टा करत होते. म्हणजे शुद्धीवर होते."

"ते सांगेन कोर्टात. आकडा नाही सांगणार."

वकिलांनी कपाळाला हात लावला. "तुमच्या भावाने उगाच वकील केला. तुम्ही होतात की."

तिने वही मिटून पिशवीत घातली. हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं प्रत्येक नव्या माणसाला तिने बजावलं होतं: मोजलं नाही, तर लिहायचं नाही. आणि घरच्याच माणसाच्या वेळी मोजायचं राहिलं. वकिलांचा वैताग परवडला, स्वतःचा गिळता येत नव्हता.

जिन्यातच भावाचा फोन आला.

"ताई, वही देणार आहेस का? की उंदरांनी खाल्ली?"

"देणार आहे. पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत."

"त्या दिवशीचं पानसुद्धा?"

"आहे तसं. रकाना कोरा आहे. डोळे भरून बघ."

"तुला कळतंय ना, ट्रस्टच्या हातून घर जाईल?"

"कळतंय. तू जेवलास का?"

त्याने फोन ठेवला.

घरी येऊन तिने कार्यशाळा उघडली. फळीवर अण्णांनी शेवटी केलेले प्रयोगशाळेचे सात काचेचे फ्लास्क होते, मानेवर मापाची रेघ नसलेले. आधी आत पाणी भरून वजन करायचं, त्यावरून माप ठरवायचं, मगच रेघ मारायची, हा त्यांचा नियम. तेवढं राहून गेलं होतं. अंदाजाने मारलेली रेघ कुणाला कळलीही नसती.

तिने एकेक फ्लास्क पुसला आणि होता तसा फळीवर ठेवला.