पूजेत ठेवलेला फुटबॉल

मित्रांनो, माझी गोष्ट ऐकायची असेल तर चालता चालताच ऐका, कारण मला बसवत नाही. मी एक जुना फुटबॉल आहे, यवतमाळ जिल्ह्यातल्या नेर गावचा. अंगाचं चामडं काळवंडलं आहे, तोंडाची वादी कितीदा तरी बदलली आहे आणि ठिगळांचा तर हिशेबच नाही. सपाट जमिनीवर ठेवलं तरी मी जरा इकडे, जरा तिकडे सरकतोच. आमची जातच तशी. आणि अशा मला लोकांनी मानानं नेऊन कपाटात बसवलं होतं! अजूनही ते आठवलं की माझी हवा गरम होते.

माझा जन्म जालंधरच्या एका अरुंद गल्लीतला. तिथले कारागीर फाळणीच्या वेळी सियालकोटहून घरदार सोडून आलेले. माझे तुकडे गुडघ्यांत धरून, दोन्ही हातांत सुया घेऊन एका म्हाताऱ्यानं मला शिवलं. शिवताना तो सारखा आपल्या जुन्या घराबद्दल बोलायचा. स्वस्थ नसलेल्या माणसाच्या हातून मी तयार झालो, तेव्हा माझ्याकडून स्वस्थपणाची अपेक्षा कुणी करू नये. पुढे नागपूरच्या एका दुकानात मी जाळीत लोंबकळत राहिलो आणि १९५६ साली, विदर्भ मुंबई राज्यात गेला त्याच सुमारास, शब्बीर मला घ्यायला आला.

शब्बीर नेरला बसस्टँडजवळ सायकली दुरुस्त करायचा. त्यानं आणि त्याच्या सोबत्यांनी कापसाच्या बाजारात संध्याकाळी गाड्या रिकाम्या करून माझी किंमत जमवली होती. म्हणजे मी कुणा एकाचा नव्हतो. जितके घामेजलेले खांदे, तितके माझे मालक. त्यांच्या क्लबाला ना कचेरी, ना अध्यक्ष. बाजाराशेजारचं मैदान, दोन्ही टोकांना रोवलेल्या सागाच्या बल्ल्या आणि मी, एवढाच काय तो नेर फुटबॉल क्लब. गोलात बबनराव उभा राहायचा. तो कास्तकार, हात लांब आणि आवाज त्याहून लांब. गुलाम नबी चाचा शिंपी होते. खेळण्याचं वय गेलेलं, पण सगळ्यांच्या बनियनींवर नंबर तेच शिवायचे आणि भांडणं तेच सोडवायचे.

खेळ संपला की ज्याच्या पायाशी मी असेन, तो मला घरी न्यायचा. एकदा बबनरावच्या गोठ्यात वासरानं माझ्या चामड्याला लावलेलं सगळं तेल चाटून टाकलं. शब्बीरच्या घरी त्याची आई खैरुनबी मला पाहून कपाळाला हात लावायची. तिची लाकडाची टाल होती. दिवसभर जळण जोखून विकणारी ती बाई, तिला खेळाचं काय कौतुक असणार? “हा भोपळा ना शिजते, ना जळते,” म्हणायची, आणि तरी पावसात मला उंबऱ्याच्या आत घ्यायची. किती छान दिवस होते ते. रोज नवं घर आणि रोज नव्या लाथा.

पण मित्रांनो, नुसत्या हौसेवर क्लब चालत नाही. माझ्या आतलं रबरी ब्लॅडर फुटलं की नवं आणायला गावभर हात पसरावा लागायचा. शेवटी शब्बीरनं सायकलच्या ट्यूबचे इतके तुकडे चिकटवले की मी एका बाजूला जड झालो आणि सरळ मारला तरी वाकडा जाऊ लागलो. अमरावतीच्या स्पर्धेला जायचं तर बसभाडं नाही. बूट तर अर्ध्यांना नव्हतेच. अशा वेळी रामलाल शेठ मैदानावर आले.

रामलाल शेठचा कापसाचा जिन होता, म्हणजे सरकी काढायचा कारखाना. माणूस वाईट नव्हता, हे मी शपथेवर सांगेन. धोतर खोचून ते कडेला उभे राहायचे आणि गोल झाला की शेजारच्याच्या पाठीत धपाटा घालायचे. एके दिवशी त्यांनी सगळ्यांना जवळ बोलावलं.

“बूट मी देतो, जर्सी मी देतो, अमरावतीले जाले माहा ट्रक घेऊन जा,” शेठ म्हणाले. “क्लबाले फक्त माहं नाव लावा.”

पोरं हरखून गेली. नेर फुटबॉल क्लबाचा ‘रामलाल इलेव्हन’ झाला. मला नवं ब्लॅडर मिळालं. खोटं कशाला बोलू, मीही फुगलो.

त्याच वर्षी खांडेनवमी आली. त्या दिवशी आमच्याकडे ज्याचं पोट ज्या हत्यारावर, तो त्याची पूजा करतो. शेतकरी विळे-कोयते मांडतो, सुतार करवत मांडतो. शब्बीरसुद्धा आपले पाने-पकडी पुसून त्यांवर झेंडूचं फूल ठेवायचा. शेठच्या जिनात यंत्रांची, मोठ्या काट्याची आणि वजनांची पूजा मांडली होती. तेव्हा बबनरावला कल्पना सुचली.

“आपला चेंडू बी ठेवू ना शेठच्या पूजेत,” तो म्हणाला. “त्याईनं आपल्यासाठी एवढं केलं, आपून तेवढा मान नाई द्यावा काय?”

“बात बराबर हाय,” गुलाम नबी चाचा म्हणाले. “मान देल्ल्यानं काई कमी नाई होत.”

मला धुऊनपुसून, तेल लावून, ताटात घालून नेलं. काट्याशेजारी मला मांडलं, हळदकुंकू वाहिलं. पूजेत मांडलेली वस्तू दुसऱ्या दिवसापर्यंत हलवायची नसते. आयुष्यात पहिल्यांदाच मी रात्रभर जागचा हललो नाही.

दसऱ्याच्या संध्याकाळी सगळी टीम मला घ्यायला आली. शेठ गादीवर बसून सोनं वाटत होते. फार खुशीत होते.

“पूजेतला चेंडू हाय, आता इथंच शोभते,” ते माझ्याकडे पाहून म्हणाले. “माह्या कपाटात राहीन त जपून राहीन.”

मित्रांनो, आता पाहा काय झालं ते. शब्बीरनं तोंड उघडलं. मी ताटात अगदी कडेला आलो, आता हा बोलणार म्हणून. पण समोर नवे बूट देणारा माणूस, सणाचा दिवस, हातात आपट्याची पानं. भीड पडली. त्यानं शेठच्या हातून सोनं घेतलं, शेठच्या पाया पडला आणि मागे सरला. बबनरावनं गुलाम नबी चाचांकडे पाहिलं, चाचांनी जमिनीकडे पाहिलं. एकानंही ‘चेंडू द्या’ असं म्हटलं नाही. आणि मी कपाटात गेलो.

त्या दिवसापासून खेळायचं म्हणजे आधी जिनाच्या फाटकाशी उभं राहायचं. कधी शेठ जेवायला बसलेले, कधी गावाला गेलेले, कधी चावीच सापडत नाही. पोरं फाटकाशी ताटकळत आणि मी कपाटात धुमसत. शेठचा भाचा सेंटर फॉरवर्डला आला. त्याचा पाय मला लागण्याऐवजी जमिनीलाच जास्त लागायचा, पण त्याला बाहेर काढणार कोण? तरी आम्ही अमरावतीला दोन सामने जिंकलो, आणि त्या दिवशी शेठ ट्रकच्या टपावर उभे राहून नाचत आले. त्यांचं प्रेम खरंच होतं. फक्त ते मुठीतलं प्रेम होतं.

पुढे शेठनं भाव चढेल म्हणून कापूस भरून ठेवला आणि भाव पडला. आधी ट्रक विकला. मग भाचा दिसेनासा झाला. जर्सी फाटल्या त्या फाटल्याच. एका सकाळी कोर्टाचा बेलिफ जप्ती घेऊन आला आणि कपाटातली एकेक वस्तू बाहेर काढू लागला. बातमी ऐकून शब्बीर हातातली सायकल टाकून धावत आला.

“साहेब, चेंडू आमचा हाय,” तो म्हणाला.

बेलिफनं मला फिरवून पाहिलं. काट्यावर होतं तसंच हळदकुंकू माझ्याही शिवणीत बसलेलं होतं.

“मग जिनाच्या पूजेत कसा आला?”

“आमीच ठेवला जी.”

“कोणी ठेवाले लावला काय?”

“नाई. मान म्हणून ठेवला.”

बेलिफनं रामलाल शेठकडे पाहिलं. शेठच्या एका शब्दानं मी सुटलो असतो. पण घरातलं सामान लोकांसमोर निघताना ते इतके शरमले होते की त्यांनी मान वर केलीच नाही. मी जप्तीत गेलो. दाराला कुलूप पडलं, कुलपावर लाखेचं सील.

त्या अंधाराबद्दल काय सांगू! वजनांच्या ओझ्याखाली मी पडलो होतो. आतली हवा हळूहळू निघून जात होती आणि माझा एक गाल आत गेला होता. बाहेर मैदानावर पोरं गोणपाटात चिंध्या भरून खेळायची. सुरुवातीला मला रोज आवाज यायचे. मग एक दिवसाआड येऊ लागले. मग नुसता बबनरावचा आवाज यायचा, “या ना रे, आज त या!” आणि कुणी यायचं नाही. मला भीती वाटायची ती स्वतःची नव्हे. मी कुजलो असतो तर एक फुटबॉल गेला असता. पण ती पोरं एकमेकांपासून सुटली असती तर त्यांना कोण शिवून जोडणार होतं?

शेवटी लिलाव झाला. टीम पुन्हा जमली, खिसे झाडून. पण बेलिफनं काटा, किलोची नवी वजनं आणि फुटबॉल असा एकच ढीग लावला होता. घ्यायचं तर सगळं घ्या. पहिल्याच बोलीला पोरं मागे पडली. दारव्ह्याचा एक व्यापारी आरामात बोली वाढवत होता. शब्बीरचा चेहरा मला बघवेना.

तेवढ्यात गर्दीतून एका बाईचा आवाज आला, व्यापाऱ्याच्या वर. खैरुनबी! सरकारनं शेर-मणाची वजनं बंद केली होती आणि टालीवर किलोची वजनं नसली तर दंड होता. ती आली होती काट्यासाठी. माझ्याकडे तिचं लक्षही नव्हतं. व्यापारी चढला, ती चढली. तो पुन्हा चढला, ती पुन्हा.

“एवढा मोठा काटा कायले पायजे बाई तुमाले?” व्यापारी वैतागून म्हणाला.

“लाकडं जोखाले. तुमाले कायले पायजे?”

लोक हसले, व्यापारीही हसला आणि हात झटकून निघून गेला.

काट्याबरोबर मी टालीवर आलो. टीम मागोमाग आलीच. गुलाम नबी चाचा अदबीनं पुढे झाले.

“भाभी, आता हा चेंडू तुमचा. तुमीच मालकीण. काचेची पेटी बनवतो, तुमच्याच घरी राहू द्या. पुन्हा जाले नाई पायजे.”

मी थिजलो. पुन्हा पेटी! पुन्हा मान! ह्या माणसांना शहाणपण येणार तरी कधी?

“मालकीण?” खैरुनबीनं नवं वजन खाली आपटलं. “मले दुसरा धंदा नाई काय? तुमीच नेऊन देल्ला होता ना त्या शेठले, ताटात घालून? आता मले देऊन राह्यले. पेटीत ठेवाचा असन त सांगा, मी आजच चुलीत घालतो.”

मग तिनंच टालीच्या दर्शनी खांबाला एक खिळा ठोकला आणि मला वादीनं त्यावर अडकवलं. ज्याला खेळायचं त्यानं न विचारता चेंडू न्यायचा, असं तिनं ठरवलं. आणताना मात्र पुसून, तेल लावून आणायचा, आणि ब्लॅडरसाठी ज्यानं त्यानं खिळ्याखालच्या डब्यात जमेल ते टाकायचं. क्लब पुन्हा नेर फुटबॉल क्लब झाला. अमरावतीला आम्ही हरलो, पण स्वतःच्या तिकिटावर जाऊन हरलो.

एका संध्याकाळी सामना रंगात असताना बबनरावनं मला इतक्या जोरात उडवलं की मी मैदानाबाहेर घरंगळत गेलो आणि एका धुळकट धोतराशी थांबलो. रामलाल शेठ होते. आता ते दुसऱ्याच्या दुकानात मुनीम होते आणि मैदानाकडे न पाहता रोज घाईनं जायचे. त्यांनी मला उचललं. माझ्या शिवणीत हळदीचा पिवळेपणा अजून होता, त्यावरून त्यांनी अंगठा फिरवला. खेळ थांबला. सगळे उभे. तीच माणसं, तीच भीड. आता तर शेठची दयाही येत होती. माझी हवा आतल्या आत घुसमटू लागली.

शब्बीर चालत पुढे आला. त्यानं शेठना सलाम केला आणि शांतपणे म्हणाला, “शेठ, चेंडू द्या.”

शेठचे डोळे भरून आले. “त्या दिवशीच मांगतला असता, बावा,” ते म्हणाले, “त देल्लाच असता.” आणि त्यांनी मला शब्बीरच्या हातात दिलं.

शब्बीर मला छातीशी घट्ट धरून मैदानात परतला.

मित्रांनो, चेंडूला तेल लावा, वादी घट्ट बांधा, उन्हात टाकून जाऊ नका. एवढं तर तुम्ही कराल. पण जे सगळ्यांचं आहे ते कुणा एकाच्या कपाटात चाललेलं दिसलं, तर लाजू नका. सणाचा दिवस असला तरी मागा, समोरचा कितीही भला असला तरी मागा. तो देईल न देईल, हे मागितल्यावरच कळतं. आणि आता मला सोडा, कुणीतरी मला खिळ्यावरून काढतंय.