विसंगत प्रतिसाद

तिनं बटण दाबलं, दोन सेकंद धरून सोडलं आणि काचेपलीकडे पाहिलं. आवाजबंद खोलीत आजी हेडफोन लावून ताठ बसल्या होत्या. आवाज ऐकू आला की बोट वर करायचं, एवढंच त्यांचं काम. बोट वर आलं नाही. तिनं आवाज एक पायरी वाढवला. नाही. आणखी एक. मग बोट वर आलं, तेही अगदी विचार करून, कागदावर सही करावी तसं.

तिनं आलेखावर खूण केली. साठ डेसिबल. मघाशी याच सुराला चाळीस आलं होतं आणि त्याआधी पंचावन्न. माणसाचा कान इतका लहरी नसतो. पुस्तकात याला 'विसंगत प्रतिसाद' म्हणतात, आणि तो मिळाला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची असते.

श्रवणशास्त्राच्या एम.एस्सी.चं हे तिचं शेवटचं सत्र. या रुग्णालयातली सोळा आठवड्यांची इंटर्नशिप संपायला सात आठवडे उरले होते. खात्याच्या प्रमुख बाईंना सगळे इंटर्न आपापसांत डेसिबल बाई म्हणत, कारण त्यांचा आवाज कधी चढत नसे आणि तरीही दोन खोल्या ओलांडून ऐकू येत असे. गेल्या महिन्याच्या शेऱ्यात बाईंनी तिच्याबद्दल दोनच वाक्यं लिहिली होती : 'मशीन चांगलं हाताळते. माणसं बाजूला राहतात.' तिला ते फारसं लागलं नव्हतं. मशीन हाताळता येतं, हे काय कमी झालं? मात्र एका पेशंटचा सविस्तर अभ्यास लिहून त्यावर बाईंची सही घ्यायची अजून बाकी होती. ती मिळाली नाही तर पदवी सहा महिने पुढे जाणार होती. या आजींचा अभ्यास लिहावा असं तिनं सकाळीच ठरवलं होतं. वय बहात्तर, आठ महिन्यांपासून दोन्ही कानांनी ऐकू कमी, श्रवणयंत्र बसवायचं आहे. सरळ, सोपी केस.

"चष्मा काढायला सांगायचं राहिलंच," ती स्वतःशी पुटपुटली.

काचेपलीकडे आजींचा हात चष्म्याकडे गेला. अर्ध्यावर थबकला. मग त्यांनी त्याच हातानं कपाळ खाजवलं.

तिनं खाली पाहिलं. माइकचा दिवा चालू होता. आवाजाचा काटा पंचवीसवर होता.

दुसरं यंत्र आणून तिनं आजींच्या कानात छोटी नळी बसवली. या चाचणीत बोट वर करायचं नसतं, कान स्वतःच उत्तर देतो. दोन मिनिटांत दोन्ही कानांनी उत्तर दिलं. वयाच्या मानानं आजींचे कान हेवा वाटावा असे होते.

तिनं आवाजबंद खोलीचं जड दार आतून ओढून घेतलं.

"आजी, तुम्हाला ऐकू येतं."

"येतं तर," आजी शांतपणे म्हणाल्या. "मघाशी तू नाक ओढलंस, तेही ऐकू आलं. सर्दी आहे का गं?"

पुस्तकात पुढची पायरी दिलेली होती : पेशंटला दोष न देता कारण विचारावं.

"मग हे कशासाठी? तुमचा मुलगा यंत्र घ्यायला निघालाय. चांगल्या कानात मोठा आवाज सोडला तर आहे तो कान बिघडेल. मला खरा रिपोर्ट लिहावा लागेल."

"लिही की. मी कुठे नको म्हणतेय?" आजींनी हेडफोन काढून नीट मांडीवर ठेवले. "माझं झालं. आता त्याला बसव इथं."

"कुणाला?"

"माझ्या मुलाला. बहिरा तो झालाय, मी नाही."

मग आजींनी सांगितलं ते असं. मुलगा एका छापखान्यात फोरमन. तीस वर्षं मशीनच्या खडखडाटात गेली. मशीनच्या नुसत्या आवाजावरून बिघाड ओळखतो, अशी त्याची ख्याती, आणि त्याला स्वतःलाही तिचा मोठा अभिमान. गेल्या वर्षी एका रविवारी तो पेपर वाचत बसला होता आणि त्याची आठ वर्षांची मुलगी त्याच्या खुर्चीमागे उभी राहून शाळेतलं काहीतरी सांगत होती. काहीतरी मोठं असावं, कारण हातवारे करून करून सांगत होती. अख्खी गोष्ट सांगून झाली. यानं पेपरचं पान उलटलं.

"रडली नाही की चिडली नाही," आजी म्हणाल्या. "जरा वेळ उभी राहिली आणि आत निघून गेली. तेव्हापासून ती बापाला काही सांगायला जात नाही. त्याला वाटतं, पोरगी मोठी झाली, शहाणी झाली."

"तुम्ही त्यांना सांगितलं नाही?"

"सांगितलं ना. कान दाखव म्हटलं, तर म्हणाला, तुम्हीच सगळे तोंडातल्या तोंडात बोलता. दुसऱ्यांदा म्हटलं तर दोन दिवस जेवताना बोलला नाही. कानाचं नाव काढलं की डोक्यात राख घालतो." आजींनी चष्मा काढून पुसला. "मग म्हटलं, तू नाही ना बहिरा, मीच होते. झाले. माझ्यासाठी घरात सगळे मोठ्यानं बोलायला लागले, समोर येऊन बोलायला लागले. त्यालाही ऐकू यायला लागलं. पण असं किती दिवस चालवणार? इथवर यायला आठ महिने लागले मला. माझ्यासाठी त्यानं रजा टाकली. स्वतःसाठी टाकली असती का?"

"आठ महिने तुम्ही..."

"सोपं नाही गं ते. सुनेच्या तोंडून काय काय ऐकून घेतलं! आणि उत्तर द्यायची सोय नाही."

आजी हसल्या. तिलाही हसू येणार होतं, पण ते तिनं दाबलं. सकाळी बाहेर नंबर पुकारला तेव्हाचं तिला आठवलं. शिपायानं तीनदा ओरडून सांगितलं, तरी मुलगा समोरच्या भिंतीवरचं पोस्टर वाचत बसला होता. शेवटी आजींनी त्याला कोपरानं ढोसलं होतं. ते तिनं पाहिलं होतं. पाहिलं होतं, पण तिकडे लक्ष दिलं नव्हतं.

बाईंच्या टेबलासमोर उभं राहून तिनं सगळं सांगितलं. बाईंनी आलेख उलटा-सुलटा करून पाहिला.

"आजींचा रिपोर्ट काय लिहिणार?"

"प्रतिसाद विसंगत. दुसऱ्या चाचणीत दोन्ही कान वयानुरूप उत्तम. यंत्राची गरज नाही."

"बरोबर. मग अडलंय कुठे?"

"मुलाची तपासणी..."

"तो आपला पेशंट आहे?"

"नाही."

"त्यानं काही तक्रार केलीय?"

"नाही."

"मग तो बाहेर बसलेला नातेवाईक आहे. नातेवाइकाला धरून आणून आपण खुर्चीत बसवत नाही." बाईंनी आलेख परत दिला. "स्वतःहून आला तर गोष्ट वेगळी."

यात चुकीचं काही नव्हतं. एरवी ती इथंच थांबली असती, रिपोर्ट लिहून मोकळी झाली असती, आणि अभ्यासासाठी उद्या दुसरा पेशंट शोधला असता. ती खोलीबाहेर आली. फोरमन खिडकीशी पाठमोरा उभा होता, खाली वाहनतळाकडे पाहत. अंगानं दणकट, शर्टाला व्यवस्थित इस्त्री. नखांच्या कडांना मात्र न निघणारी काळी शाई.

"काका," ती त्याच्यामागे चार पावलांवर थांबून म्हणाली.

तो हलला नाही.

"काका, आईंची तपासणी झाली."

बाकावरच्या दोघातिघांनी वर पाहिलं. एका बाईनं त्याच्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि नजर खाली वळवली. तिनं तिसऱ्यांदा हाक मारली नाही. इतके आठवडे ती आकडे लिहीत होती. पंचावन्न, साठ, सत्तर. चार पावलांवरून ते कसे दिसतात, हे तिनं कधी पाहिलं नव्हतं.

ती वळसा घालून त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. तो लगेच हसला.

"झालं का? आईनं त्रास दिला असेल. फार मोठ्यानं बोलावं लागतं तिच्याशी."

"काका, एक विनंती आहे. तुमचेही कान तपासायचे आहेत."

"माझे? माझे कशाला? माझे ठणठणीत आहेत. विचारा छापखान्यात कुणालाही."

तिला काहीतरी कारण सांगता आलं असतं. नियम आहे, फॉर्म आहे. तोंडापर्यंत आलंही होतं.

"मी मागून दोनदा हाक मारली," ती म्हणाली. "तुम्ही वळला नाहीत."

त्याच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, पण त्यातला माणूस जणू निघून गेला. त्यानं बाकाकडे पाहिलं. बाकावरच्या कुणीच त्याच्याकडे पाहत नव्हतं.

"विचारात होतो."

"असेल."

"ठणठणीत आहेत माझे कान," तो पुन्हा म्हणाला, जरा जास्तच मोठ्यानं.

"मग पाच मिनिटांचं काम आहे," दारातून डेसिबल बाईंचा आवाज आला. ती वळेपर्यंत बाई आत गेल्याही होत्या. फोरमननं आधी तिच्याकडे पाहिलं, मग रिकाम्या दाराकडे. बाई काय म्हणाल्या ते त्याला कळलं नव्हतं. तिनं ते त्याच्या समोर राहून पुन्हा सांगितलं.

तो केसपेपर काढून आला. घड्याळ काढून आईच्या हातात दिलं आणि आवाजबंद खोलीत जाऊन बसला, परीक्षेला बसल्यासारखा, दोन्ही पाय जुळवून. आजी तिच्या शेजारी स्टुलावर बसल्या. काचेतून मुलगा दिसेल अशा.

खालचे सूर छान गेले. बोट झटकन वर येत होतं, आणि दर वेळी तो काचेकडे पाहून किंचित मान हलवत होता : बघा, म्हटलं नव्हतं? मधल्या सुरांना बोट उशिरा यायला लागलं. मग ती वरच्या सुरांवर गेली. तीस. चाळीस. पन्नास. तो बोट तयार ठेवून बसला होता, चेहऱ्यावर पूर्ण लक्ष, अगदी श्वाससुद्धा धरलेला. साठ. तिनं नेहमीसारखं काट्याकडे पाहिलं नाही, त्याच्याकडे पाहत राहिली.

"सुरू कर की," आजी हळूच म्हणाल्या. "थांबलीस का?"

"थांबले नाही, आजी. आवाज चालू आहे."

आजींनी हातातलं घड्याळ मुठीत घट्ट धरलं.

तो बाहेर आला तो हेडफोननं विसकटलेले केस सारखे करत.

"मधे मशीन बंद पडलं होतं वाटतं," तो म्हणाला.

तिनं आलेख त्याच्यासमोर ठेवला. आयुष्यभर छापलेल्या कागदावरचे बारीकसारीक दोष शोधणाऱ्या माणसाला रेघ समजावून सांगावी लागत नाही. डावीकडून सरळ आलेली रेघ मध्यापाशी वळून जिना उतरावा तशी खाली गेली होती, आणि दुसऱ्या कानाची रेघ तिच्या सोबतीनं.

"हे आईचं ना?"

"नाही. तुमचं."

तो वाकून बघत राहिला.

"मशीनचा आवाज मला नीट येतो," तो म्हणाला.

"येणारच. तो जाड आवाज आहे, तो या बाजूला." तिनं आलेखाच्या डाव्या अंगावर बोट ठेवलं. मग उजवीकडे नेलं. "इथं बारीक आवाज असतात. स, श, फ. पक्षी. लहान मुलांचं बोलणं."

पुस्तकात उदाहरणं याच क्रमानं दिली होती. शेवटचं उदाहरण देताना तिचा आवाज थोडा खाली गेला, तेव्हा त्यानं तिच्या ओठांकडे पाहिलं. तिनं ते पुन्हा, स्पष्ट सांगितलं.

"लहान मुलांचं बोलणं," तो म्हणाला.

त्यानं केसपेपरची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. घडीची कड नखानं दाबून सरळ केली. यंत्र मिळेल, त्यानं फरक पडेल, हे तिला सांगायचं होतं, पण ते तिनं पुढच्या पाच मिनिटांवर ढकललं. असं काही आपण कधी पुढं ढकललं होतं, ते तिला आठवेना.

मग तो आईकडे वळला. गेले आठ महिने वाकत होता तसाच कमरेतून वाकला, तोंड तिच्या कानाशी नेलं.

"आई, मला कमी ऐकू येतं."

आजींनी तळहात कानामागे धरला.

"काय?"

तो सरळ झाला. त्यानं इंटर्नकडे पाहिलं, मग उघड्या दाराकडे. बाहेरच्या बाकावर आता सात-आठ माणसं होती. तिला वाटलं, तो नको म्हणेल, हात झटकून चालायला लागेल. तिचा हात दार लोटायला अर्धा उठला आणि तिनं तो परत टेबलावर ठेवला.

तो पुन्हा वाकला.

"मला," तो मोठ्यानं, एकेक शब्द सुटा करत म्हणाला, "ऐकू, कमी, येतं!"

बाहेरची कुजबुज थांबली. कोणाची तरी मान वळली, कोणाची वळली नाही.

"आता आलं," आजी म्हणाल्या. त्यांनी बाजूच्या स्टुलावरची आपली पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि त्याला बसायला जागा करून दिली.